गुडघे सांभाळून कुंड्या

ताई, गुडघे दुखतात तरी कुंड्यांत बाग सुरू करायची म्हणालात ना, मग सुरुवातीलाच गुलाब आणू नका हो, उगाच मन खट्टू होतं. आधी मेथी लावा, घरातलेच दाणे रात्रभर भिजवून पसरट ट्रेमध्ये टाकायचे, वर अर्ध्या पेराएवढी माती, तीन-चार दिवसांत कोंब येतात नि 25-30 दिवसांत भाजी. नुसती लाल माती मात्र नको, घट्ट बसते, निम्मी माती नि बाकी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेणखत. पाणी बोट खुपसून बघूनच घाला, माझा पहिला कढीपत्ता मी लाडाने रोज तांब्याभर पाणी घालून घालूनच मारला :)

आणि गुडघ्यांचं म्हणाल तर उकिडवं बसणं बंद म्हणजे बंद, कुंड्या जुन्या टेबलावर चढवा नि आपण प्लास्टिकच्या स्टुलावर. भरलेली कुंडी एकटीने उचलायची नाही, मी उचलली आणि आठ दिवस कंबर शेकत बसले, वर ह्यांची बोलणी वेगळीच. शुगर आहे म्हणालात ना, मग अनवाणी अजिबात फिरू नका मातीत, पायात काटा गेलेला कधीकधी कळतसुद्धा नाही, रात्री तळपाय बघत जा. झाडांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) पडला तर लिटरभर पाण्यात 5 मिली नीमतेल, दोन थेंब भांड्यांचं लिक्विड, संध्याकाळी फवारा. मेथी उगवली की फोटो टाका.