वाचकांचे प्रश्न : सातवा लागला आणि काटा पळतोय

प्रश्न : मी 29 वर्षांची, राहते कोपरखैरण्याला, नोकरी ठाण्यात वागळे इस्टेटला. उंची 156 सेंमी. दिवस राहण्याआधी वजन 58 किलो होतं, आता 26 व्या आठवड्यात 67.5 आहे. त्यातले 3.8 किलो गेल्या चार आठवड्यांतच वाढले. डॉक्टर म्हणाल्या, 'कंट्रोल करा.' सासूबाई म्हणतात, 'दोन जिवांची आहेस, खा.' मी आठवडाभर भात सोडलाय आणि रात्रीचं जेवणही बंद केलंय. बरोबर करतेय का?

उत्तर : रात्रीचं जेवण आजच पुन्हा सुरू करा. गरोदरपणात उपाशीपोटी शरीर एरवीपेक्षा लवकर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) वाढतात. सकाळी पित्त, मळमळ, आणि मग अकरा वाजता ऑफिसात हाताला लागेल ते तोंडात. यात वजन आटोक्यात येत नाहीच.

आता हिशेब. तुमचा आधीचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 23.8. सगळीकडे वापरला जाणारा तक्ता अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा, 2009 सालचा. त्यात 18.5 ते 24.9 बीएमआयला एकूण 11.5 ते 16 किलो वाढ चालते, 25 ते 29.9 ला 7 ते 11.5. पण भारतीय बांध्याला 23 पासूनच वजन जास्त धरतात. तुम्ही उंबरठ्यावर आहात, म्हणून 11-12 किलोंचं माप धरा. पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो आणि पुढे आठवड्याला 350-400 ग्रॅम, या चालीने आत्तापर्यंत 5 ते 7 किलो वाढायला हवे होते. तुमचे साडेनऊ झाले. तरी एकूण आकड्यापेक्षा आम्हाला शेवटच्या चार आठवड्यांचा वेग जास्त खटकतो. आठवड्याला जवळजवळ एक किलो!

आधी काट्यावरचा संशय फेडून घ्या. दवाखान्यात जेवून, चपला-पर्ससकट घेतलेलं वजन आणि घरी सकाळी घेतलेलं वजन यात दीड-दोन किलो सहज फिरतात. आठवड्यातला एक वार ठरवा. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, तोच पातळ गाऊन घालून अनवाणी उभं राहायचं. काटा थेट लादीवर ठेवा. पायपुसण्यावर किंवा चटईवर ठेवला की तो चुकीचं दाखवतो. रोज मात्र बघू नका. बद्धकोष्ठ झालं किंवा आदल्या रात्री पापड-लोणचं जास्त झालं, तरी काटा अर्धा किलो पुढे सरकतो.

काटा खरा निघाला, तर अंगात पाणी साठतंय का ते बघायचं. संध्याकाळी पाऊल सुजणं नेहमीचंच. पण सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज, बोटातली अंगठी अचानक घट्ट, सोबत डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा बरगडीखाली दुखणं असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या. 140/90 किंवा त्यावर असेल तर लगेच उपचार लागतात. लघवीतलं प्रोटीनही तपासतात.

मग साखर. 24 ते 28 आठवडे हीच या तपासणीची वेळ आहे. आपल्याकडच्या सरकारी पद्धतीत 75 ग्रॅम ग्लुकोज साधारण 300 मिली पाण्यात घालून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. उपाशी असण्याची अट नाही. 140 किंवा त्यावर आलं तर गरोदरपणातला मधुमेह. प्यायल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. गर्भजल जास्त झालंय का, हे सोनोग्राफीत कळेल.

हे सगळं ठीक निघालं, तर ताटाकडे वळू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार गरोदरपणात दिवसाला फक्त 350 कॅलरी जादा लागतात. मध्यम आकाराचे दोन डिंकाचे लाडू खाल्ले की त्या संपल्या. वर म्हशीच्या दुधाचा पेला म्हणजे हद्द ओलांडली. सासूबाईंचा लाडू नाकारू नका, रोज एक खा, पण सकाळच्या नाश्त्यातली एक पोळी त्या दिवशी कमी. भात सोडायची गरज नाही. एक वाटी भात, त्यावर वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, आणि आधी कोशिंबीर. पेलाभर मोसंबीच्या रसात तीन-चार मोसंब्या जातात, चोथा मात्र गाळणीत राहतो. एक मोसंबी सोलून खाल्लेली बरी.

तुमची खरी गडबड संध्याकाळी होत असावी. दीडला डबा, आणि ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून घरी पोचेपर्यंत सात. एवढी भूक पोटात घेऊन स्टेशनबाहेरच्या वडापावापुढून कोण सरळ जाईल? पाचच्या सुमारास, डेस्कवरच, मूठभर फुटाणे आणि एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही खाऊन घ्या. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला, गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. वार (प्लॅसेंटा) खाली असेल किंवा रक्तस्राव झाला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वाढलेले किलो उतरवायचं आता डोक्यातून काढा. पुढचा वेग आठवड्याला चारशे ग्रॅमवर आला की पुरे. पूर्ण दिवसांच्या 12 किलोंपैकी साधारण 3 बाळाचे, जवळजवळ अडीच वार, गर्भजल आणि पिशवीचे, तीनेक रक्ताचे आणि अंगातल्या पाण्याचे, थोडे स्तनांचे. चरबी उरली तीन किलो, आणि दूध पाजताना ती कामाला येते.

प्रश्न : माझं उलटंच आहे. 20 आठवडे झाले, उंची 158 सेंमी, वजन 47 चं 48 झालं फक्त. उलट्या आता थांबल्यात. (ठाणे)

उत्तर : या टप्प्यावर तुमची वाढ तीन ते पाच किलोंच्या आसपास हवी होती. पण उलट्यांच्या दिवसांत वजन किती उतरलं होतं? 45 वर जाऊन 48 झालं असेल, तर तुम्ही तीन किलो कमावलेत. दवाखान्याच्या कार्डावर तो आकडा शोधा. वजन तसं उतरलेलंच नसेल, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या आणि सोनोग्राफीत बाळाची वाढ बघा. पोट भरत नाही तोच अन्न नकोसं होत असेल, तर ताट मोठं करू नका, घास दाट करा : भातावर चमचाभर तूप, भाजीत दाण्याचं कूट, झोपताना दूध-खजूर. लोहाची गोळी कॅल्शियमसोबत किंवा चहावर घेऊ नका, अंगी लागत नाही.

प्रश्न : पायांना सूज येते. मीठ बंद करू का? (नेरूळ)

उत्तर : नाही. फरसाण, पापड, लोणचं, पाकिटातलं सूप बंद करा. भाजी-आमटीतलं मीठ राहू द्या. पाणीही कमी करू नका. डाव्या कुशीवर झोपा, बसताना पाय स्टुलावर घ्या. एकाच पायाला सूज असेल आणि पोटरी दुखत असेल, तर रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा पाय चोळायचा नाही, तडक दवाखाना गाठायचा.