डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत म्हणून पोरगं जातं का?

मागच्या पंधरा दिवसांत तिघींनी एकच प्रश्न विचारला म्हणून आज लिहूनच टाकते. प्रश्न असा, की मॅडम माझं डिप्रेशनचं औषध चालू आहे, घटस्फोटाची केस लागली तर नवरा ते कोर्टात दाखवून पोरगं घेऊन जाईल का.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. नागपुरात प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा येणाऱ्या कितीतरी बायकांच्या पर्समध्ये कोर्टाचं समन्स घडी करून ठेवलेलं असायचं आणि त्यातलं मला ओ की ठो कळायचं नाही, म्हणून चाळिशीच्या तोंडावर तीन वर्षांचं एलएलबी केलं. सनद मात्र घेतली नाही, वकिली करायची तर बाकी प्रॅक्टिस सोडावी लागते आणि मला पेशंट सोडायचे नव्हते. सासूबाई अजूनही म्हणतात, "दोन डगरींवर पाय ठेवून राहिली हे बाई."

तर स्मिता. नाव बदललंय, अजून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात, आणि लिहायला तिने हो म्हटलंय. शाळेत शिक्षिका, मानेवाड्याकडे घर, पोरगा सहा वर्षांचा. घर एकच, पण नवरा वरच्या मजल्यावर आईकडे राहायला गेलेला आणि तिथूनच त्याने केस टाकलेली. मे महिन्यातली दुपार होती, कूलर फुल्ल चालू तरी ती घामाने डबडबलेली, बसल्या बसल्या तिने पर्समधून कॅल्शियमची बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, हे कॅल्शियम नाही."

आत एस्सिटालोप्रामच्या, म्हणजे डिप्रेशनच्या गोळ्या. स्ट्रिपमधून एकेक काढून भरलेल्या. काहून? तर नवऱ्याने स्ट्रिपचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकलेला आणि खाली लिहिलेलं, जजला दाखवतो, पागल बाई आहे म्हणून. मी बाटली हलवून पाहिली, बऱ्याच गोळ्या दिसत होत्या. अकरा दिवसांपासून तिने एकही घेतली नव्हती. "खाल्ल्याच नाही तर पुरावा कुठून येईन मॅडम?"

आता ही गोळी अशी एकदम बंद केली की काय होतं ते तिच्याकडे पाहूनच कळत होतं. डोकं हलवलं की करंट लागल्यासारखं, चक्कर, झोप उडालेली, चिडचिड. आदल्या रविवारी पोराने पोहे सांडवले म्हणून ती इतकी ओरडली की ते लेकरू बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावून बसलं, आणि नवऱ्याने जिन्यात उभं राहून ते सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. दोन वर्षं गोळी घेतली त्या काळात त्याच्या हाती एक फोटो लागला होता. गोळी सोडल्यावर अकरा दिवसांत व्हिडिओ मिळाला.

औषधं मी लिहून देत नाही, तो सायकायट्रिस्टचा प्रांत. तिच्यासमोरच तिच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी संध्याकाळीच बोलावून औषध परत सुरू केलं. मग कायद्याचं बोललो.

नवऱ्याच्या अर्जात घटस्फोटाचं कारण म्हणून क्रूरता होती आणि सोबत मानसिक आजार. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तसं कारण आहेच, पण नुसता आजार पुरत नाही, तो इतका असावा लागतो की सोबत राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये. सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्ये राम नारायण गुप्ताच्या केसमध्ये हेच सांगितलं, आजाराला नाव आहे म्हणून घटस्फोट नाही, आजार किती आहे ते पाहा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर सरळ लिहिलंय की मानसिक आजार आहे एवढ्यावरून कोणी वेडं ठरत नाही, ते कोर्टानेच ठरवायचं. आणि आजाराच्या पुराव्याला समोरच्याने आव्हान दिलं तर कोर्टाने ते मानसिक आरोग्य मंडळाकडे तपासायला पाठवायचं. व्हॉट्सॲपच्या फोटोवर तिथे कोणी निकाल देत नाही. पोराच्या ताब्यात तर पाहतात ते पोराचं भलं, त्याला शाळेत कोण सोडतं, ताप आला की रात्री कोण जागतं.

खोटा दिलासा मी देत नाही, कोर्ट मेडिकल तपासणीचा आदेश देऊ शकतं. २००३ च्या शारदा विरुद्ध धर्मपाल केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलंय, पण त्यासाठी आधी मागणाऱ्याकडे भक्कम काहीतरी पाहिजे हेही म्हटलंय.

खरी पंचाईत वेगळीच निघाली. तिच्या वकिलांनी जबाबात लिहून ठेवलं होतं, "कोणताही मानसोपचार घेत नाही." म्हटलं बाई, मेडिकलवाल्याची बिलं आहेत, डॉक्टरची फाईल आहे, हे एक वाक्य खोटं निघालं की तुझं बाकीचं खरंही कोणी ऐकणार नाही. वकीलसाहेब आधी तडकले, मग जबाब बदलला. डॉक्टरांनी चार ओळींचं सर्टिफिकेट दिलं, उपचार चालू, नियमित, नोकरी आणि घर व्यवस्थित सांभाळते.

मग ती म्हणाली, आता तुम्ही पण लिहून द्या ना, स्मिता चांगली आई आहे म्हणून. मी नाही म्हटलं. तिच्यावर उपचार करणारी मी, पोराच्या बापाला मी कधी भेटले नाही, पोराला पाहिलं नाही, मग चांगली आई की वाईट आई हे मी कोणत्या तोंडाने सांगू? असं सर्टिफिकेट देणारे आहेत गावात, मला ते पटत नाही. ती रागावली, तीन आठवडे फिरकली नाही, आणि खरं सांगते, ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी स्पष्ट करायला पाहिजे होती. फॅमिली कोर्टात समुपदेशक वेगळे असतात, ते दोघांना भेटतात, त्यांच्यासमोर बोललेलं आपल्याकडच्या नियमाप्रमाणे दोघांच्या संमतीशिवाय बाहेर येत नाही. माझ्यासारख्या खासगी समुपदेशकाला ते संरक्षण नाही, कोर्ट मला बोलावू शकतं, म्हणून नोंदी मी नेमक्या आणि कमी शब्दांत ठेवते आणि हे पेशंटला आधीच सांगते. आता सांगते.

सात-आठ तारखांनी नवऱ्याने पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन देऊन मानसिक आजाराचा मुद्दा मागे घेतला. पोरगा आईकडे, शनिवार-रविवार बापाकडे. व्हिडिओवर बराच वाद झाला, तो काही असाच गेला नाही.

नंतर एकदा रात्री नऊला अनोळखी नंबरवरून फोन. स्मिताचा नवरा. आवाज अगदी खाली. झोप नाही म्हणे, छातीत धडधड होऊन राहिली, ऑफिसात मन लागत नाही. "मॅडम, आलो तर हे कुठे लिहिलं जात नाही ना?" त्याला मी घेऊ शकत नव्हते, स्मिता माझी पेशंट. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला, एका सहकाऱ्याचं नाव दिलं, आणि म्हटलं गोळ्या दिल्या तर मधेच सोडू नका. तो गेला की नाही मला ठाऊक नाही, स्मितालाही मी हे विचारलेलं नाही आणि सांगितलेलंही नाही.