दगडावरची जमीन आणि शाप

प्रश्न : आमच्या गावच्या देवळापाशी चंद्र-सूर्य कोरलेला दानाचा दगड आहे. असे दगड इराककडेही सापडतात, हे खरं का? – एक वाचक, करवीर

उत्तर : अगदी खरं. आपल्याकडच्या शिलाहारकालीन दानलेखांहून ते दोनेक हजार वर्षं जुने. बाबिलोनमधल्या (म्हणजे आजच्या इराकमधल्या) कस्साइट घराण्यातल्या राजांनी जमीन इनाम दिली, की दगडावर शेताची हद्द, शेजारी, साक्षीदार असं सगळं कोरलं जाई. वर सूर्य, चंद्रकोर, इश्तार देवीचा तारा, मार्दुक देवाचं कुदळीसारखं अवजार, गुला देवीचा कुत्रा. बांधावर उभे करण्यापेक्षा हे दगड देवळात ठेवले जात असावेत, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातला मेलिशिपाक राजाचा (इ. स. पू. १२वं शतक) दगड माझा फार आवडता. राजा लेकीचा हात धरून तिला नानाया देवीपुढे नेतोय. इनाम त्या लेकीला! हा दगड मात्र इराणमधल्या सूसा इथं सापडला. एलामच्या, म्हणजे त्या भागातल्या जुन्या राज्याच्या, राजाने तो लूट म्हणून नेला होता.

या दगडांवरची शापवाणी मात्र सावकाश वाचावी. दगड हलवणाऱ्यालाच नव्हे, तर स्वतः नामानिराळा राहून आंधळ्या, बहिऱ्या किंवा वेडगळ माणसाकडून तो हलवून घेणाऱ्यालाही शाप आहे. पाण्यात टाकणं, मातीत पुरणं, जाळणं, सगळ्या वाटा बंद! उसाचा बांध रात्रीतून कोरणारे आपण पाहतो. तिथल्या लेखनिकांनीही माणूस नेमका ओळखला होता.

तुमच्या दगडाला मात्र शेंदूर, ऑइलपेंट लावू देऊ नका. अक्षरं बुजतात.