इंडोनेशियातल्या हल्माहेरा बेटावरच्या निकेल खाणीजवळच्या लेलिलेफ गावात राहण्यात भविष्य आहे का?

पाच-सात वर्षं पैसा कमवायला आहे, पण कायमचं घर करायला मला तरी नाही वाटत. कारण तिथलं सगळं एकाच गोष्टीवर उभं आहे, निकेल. 2018 मध्ये गावाजवळच्या वेदा बे या निकेलच्या औद्योगिक वसाहतीचं काम सुरू झालं आणि 2020 पासून इंडोनेशियाने निकेलचं कच्चं खनिज देशाबाहेर पाठवायला बंदी घातली, त्यामुळे खनिज वितळवून धातू काढण्याचे कारखाने थेट बेटावरच आले, 2023 मध्ये हल्माहेरा ज्यात येतं त्या उत्तर मालुकू प्रांताची आर्थिक वाढ 20 टक्क्यांच्या वर होती बघा. म्हणजे नोकऱ्या खऱ्या आहेत, आणि ज्याच्याकडे जागा आहे त्याने खोल्या बांधून भाड्याने दिल्या, वर खानावळ किंवा किराणा दुकान, असे लोक पगारदारांपेक्षा बरे राहिलेत (हे कुठल्याही खाणगावात दिसतंच).

त्रास काय तर:
- कारखान्यांची वीज कोळशावरची, त्यामुळे धूर आणि खोकला
- साबुदाण्याचं झाड म्हणजे सागो, जायफळ, मासळी यावर जगणाऱ्यांची जमीन नि पाणी गेलं
- पूर, जुलै 2024 मध्ये वेदा भागात मोठा आला होता

लेलिलेफच्याच जिल्ह्यातल्या गेबे बेटावर अँटम या सरकारी कंपनीने कित्येक वर्षं निकेल काढलं आणि साठा संपत आल्यावर गाशा गुंडाळला, नोकऱ्याही गेल्या. वेदा बेचा साठा मात्र त्यापेक्षा खूप मोठा आहे, म्हणून हे उद्याच होईल असं नाही, पण निकेलचा भाव पडला की कंत्राटी कामगार आधी घरी जातो.