भंडारा त्यांचा, पातेलं तुझं

पत्र : ताई, मी साताऱ्याची, नवरा अमेरिकेतल्या फॉल रिव्हरचा. त्याचे आजी-आजोबा १९५७-५८च्या कापेलिन्युश ज्वालामुखीनंतर पोर्तुगालच्या अझोर्स द्वीपसमूहातल्या फायाल बेटावरून इथे आले. सासूबाई थकल्या, तशी त्यांच्या पोर्तुगीज क्लबातली सगळी सेवा माझ्याकडे आली : पवित्र आत्म्याच्या सणाचा स्वयंपाक, शनिवारची भाषाशाळा, नाचणाऱ्या पोरांचे कपडे. नवरा फिरकत नाही. परवा एक आजोबा म्हणाले, "तू आमच्यातली थोडीच!" आई फोनवर म्हणते, "परक्यांचं जपतेस, लेकीला मराठी कोण शिकवणार?" सोडून देऊ का?

उत्तर : सगळं नको, शाळा आणि कपडे सोड. ते नवऱ्याच्या गळ्यात घाल. शेतं राखेखाली गेली ती त्याच्या आजोबांच्या बेटावर. अमेरिकेने १९५८मध्ये खास कायदा करून त्या लोकांना व्हिसा दिले, ही गोष्ट पोरांना त्यानेच सांगावी. नाही आला, तर शाळा अडू दे चार शनिवार. आमच्या गणेश मंडळात पंधरा वर्षं ताटं विसळली मी. आजारी पडले तेव्हा कुठे दुसरं कुणी नळापाशी आलं.

स्वयंपाक मात्र सोडू नकोस. तुझ्या पत्रात जीव आहे तो तिथेच : पहाटे चारला रटरटणारं सोपाशचं पातेलं, पावाच्या जाड फोडींवर ओतलेला रस्सा, वर पुदिना. (मांस कशाचं, हे आईला सांगितलं नसशील. मीही नाही सांगत.) येईल त्याला फुकट जेवू घालायचं, पोर्तुगालच्या संत राणी इझाबेलच्या नावाने. भंडाराच की हा! आणि भंडाऱ्यात वाढणारीला गाव कोण विचारतं? त्या आजोबांना पुढच्या वेळी पाव कापायला बसव.

आईचं म्हणणं मात्र मला पटलं. वाद घालू नकोस, लेकीला सोबत ने. काल्दो व्हेर्द, ते हिरवं सूप, करता ना? त्यातला बटाटा त्यांचाही बताताच. हिरवी पानं ती कोव्ह, त्यावरूनच आपला कोबी. पाव आणि चावीही त्यांच्याकडूनच आलेत. एकेक जिन्नस तिला दोन्ही भाषांत मागायला लाव. आणि कढईपाशी उभी राहून "आई, पुदिना दे" म्हणाली, की लगेच साताऱ्याला फोन लाव. तिथे रात्र असली तरी.