मुलांबद्दल माया वाटत नसेल, तर शिकवणं सोडून देऊ का?

प्रश्न: मी श्रीरामपूर तालुक्यातली, वय २४. दिवाळीनंतर आमच्या चर्चच्या मंडळीच्या तरुण संघातर्फे साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोड कामगारांच्या मुलांना संध्याकाळी शिकवू लागले. मुलं शिव्या देतात, पाट्या फोडतात, अंगाला वास येतो आणि मला किळस येते. बंजारा तांड्यावरचा सात-आठ वर्षांचा एक मुलगा काही विचारलं तर नुसता बघत राहतो आणि बाकीच्यांना चावतो. गेल्या आठवड्यात सगळ्यांसमोर मी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि घरी येऊन रडले. ‘प्रभू, मला या मुलांवर प्रेम करायला शिकव’ अशी रोज प्रार्थना करते, पण आतून काहीच वाटत नाही. मंडळीतल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणतात, माझा विश्वास कमी पडतोय. मी ढोंगी आहे का?

प्रिय मुली,

सलाम. तू ढोंगी नाहीस, आणि शिकवणंही सोडू नकोस. ढोंगी माणसाने किळस लपवली असती. तू ती कागदावर उतरवलीस.

आधी माया वाटली पाहिजे आणि मग हातून सेवा घडली पाहिजे, असं तू धरून बसली आहेस. मी पाहिलेल्या बहुतेक शिक्षकांच्या बाबतीत हे उलट्या क्रमाने घडलं. बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय पुन्हा वाच. लोक प्रभू येशूकडे लेकरं घेऊन येतात, आणि त्यांना दटावतं कोण? शिष्य! प्रभूसाठी घरदार सोडलेले, रात्रंदिवस त्याच्याबरोबर राहणारे. प्रभू त्यांच्यावर रागावला खरा, पण त्याने त्यांना घालवून दिलं नाही. त्यांच्यादेखत लेकरांना कवेत घेतलं आणि त्यांच्यावर हात ठेवले.

पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की आपण त्यांच्या कळवळ्याबद्दल बोलतो. तो होताच. त्यांचे आईवडील दुष्काळात गेले होते, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या मुलींना आणायला त्या स्वतः गेल्या. पण त्याच्या कितीतरी आधी, अमेरिकेत असताना, फिलाडेल्फियात त्या बालशिक्षणाची पद्धत रीतसर शिकून आल्या होत्या, हे आपल्या प्रवचनांतून फारसं ऐकू येत नाही. केडगावचं मुक्ती मिशन शाळा, शेती, विणकाम, छापखाना अशा रोजच्या नेमाच्या कामावर उभं राहिलं. तुलाही नुसतं मन तपासत बसण्यापेक्षा शिकवण्याचं तंत्र शिकून घ्यायची गरज जास्त आहे, असं मला वाटतं.

त्या मुलाचा दिवस कसा जातो ते बघ. आईबाप पहाटे अंधारातच कोयते घेऊन उसाच्या फडात जातात. कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, धाकटं भावंड असेल तर ते त्याच्याच गळ्यात. लांबून आणलेलं हंडाभर पाणी आधी स्वयंपाकाला लागतं, उरलं तर अंघोळीला. आणि तो तांड्यावरचा, म्हणजे घरी बहुधा गोरमाटी, बंजाऱ्यांची बोली, बोलत असणार. तुझं पुस्तकातलं मराठी त्याला कळतच नसेल, तर तो नुसता बघत राहील नाहीतर काय करील? उद्या गेलीस की पाट्या बाजूला ठेव. उसाचं कांडं हातात घे, फळ्यावर बैल काढ, आणि ‘याला तुमच्यात काय म्हणतात?’ असं त्याला विचार. तो सांगेल ते फळ्यावर लिही आणि मोठ्याने म्हण. तुझा उच्चार चुकेल, मुलं हसतील. हसू देत. त्या दिवशी वर्गात सगळ्यात जास्त त्याला येत असेल.

धपाट्याबद्दल मात्र स्पष्ट सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारायला बंदी आहे. तुझा वर्ग शाळा नसेल, पण पाठ लेकराचीच आहे. सगळ्यांसमोर मारलंस, तर माफीही सगळ्यांसमोर माग. ‘मी तुला मारलं, ते चुकलं. पुन्हा मारणार नाही,’ एवढंच पुरे. आणि एकटी जाऊ नकोस. तरुण संघातलं कुणीतरी सोबत असलं, म्हणजे राग अनावर व्हायला लागला की तुला पाच मिनिटं बाहेर जाता येईल. आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी ठेव. थकलेल्या शिष्यांना एकांती जाऊन विसावा घ्यायला प्रभूनेच सांगितलं होतं. त्या बाईंनाही एकदा वर्गावर घेऊन जा. जाब विचारायला नव्हे, लहानग्यांचे हात धरून अक्षरं गिरवून घ्यायला.

प्रार्थनेत एक बदल कर. ‘या मुलांवर’ म्हणतेस, त्यात कुणाचाच चेहरा नाही. तुझ्या पत्रातही त्या मुलाचं नाव कुठे आलेलं नाही. रोज रात्री एकाच मुलाचं नाव घे आणि आज तो काय बोलला, कुठे अडला, कशाला घाबरला ते देवाला सांग. सांगायचं म्हटलं की दिवसभरात त्याच्याकडे नीट बघावं लागतं. मी माया म्हणते ती तिथून सुरू होते, आणि ती वाटायला वेळ लागला तरी तुझी प्रार्थना फुकट गेली असं समजू नकोस.

एप्रिलच्या सुमाराला कारखान्याचा पट्टा पडेल, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेल, आणि कोप्या उठतील, म्हणून एक काम आत्ताच हाती घे. जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेट. वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळणं हा त्या मुलाचा हक्क आहे, आणि स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, त्याचीही चौकशी कर. बापाने मुकादमाकडून, म्हणजे मजूर आणणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असणार. त्याला कामाचा खाडा परवडत नाही, म्हणून तो शाळेत यायचा नाही. तेव्हा तो फडातून परतल्यावर तूच कोपीवर जा, त्यांच्या मूळ गावाचं आणि तिथल्या शाळेचं नाव लिहून घे. निघायच्या आधी मुलाला काय काय येऊ लागलं ते एका कागदावर लिहून त्याच्या आईच्या हातात दे, म्हणजे गावाकडच्या गुरुजींना त्याला पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागणार नाही.

तुझी,
मावशी