चवथीची रजा, रात्रपाळीची झोप आणि ड्युटी लिस्ट

रुग्णालयात काम करणाऱ्यांनी स्वतःच्या तब्येतीविषयी लिहावे, असे या सदरात मागच्या खेपेला सुचवले होते. पत्रे गोवाभरातून, पेडण्यापासून काणकोणपर्यंतची आहेत आणि बऱ्याच पत्रांची सुरुवात ‘तशी तक्रार काही नाही, पण...’ अशी आहे. तक्रार असायला काहीच हरकत नाही. नावे आणि रुग्णालये गाळून त्यातले काही प्रश्न घेतो.

प्रश्न : मी स्टाफ नर्स, राहते डिचोलीजवळ. सलग सात नाइट लागतात. सकाळी साडेनऊला घरी पोचते. डोळा लागतो न लागतो तोच मासळीवाल्याचा भोंगा, मग सासूबाईंचा कुकर, मग मुलगी शाळेतून येते. तीन-चार तासांवर झोप होत नाही. ओळखीच्या फार्मसीतून अल्प्राझोलाम आणून अर्धी गोळी घेऊन बघू का?

उत्तर : नको, ताई. रुग्णालयात काम करणाऱ्यांना ही गोळी सहज मिळते, हाच तिचा मोठा धोका. अर्धीची एक कधी होते ते कळत नाही, काही आठवड्यांत तिच्याशिवाय झोप येईनाशी होते आणि गुंगी उरते ती संध्याकाळी, तुम्ही पुन्हा ड्युटीची तयारी करत असता तेव्हा. ‘थोडी घेतली की झोप लागते’ म्हणणाऱ्या पुरुष मंडळींनाही सांगून ठेवतो : दारूने डोळा लवकर लागतो, पण झोपेचा उत्तरार्ध तुटक होतो.

तुमची झोप मोडते त्याला एकटा मासळीवाला जबाबदार नाही. शरीराचे तापमान पहाटे चारच्या सुमारास सगळ्यांत खाली असते आणि सकाळ होईल तसे चढू लागते. ते चढत असताना तुम्ही अंथरुणाला पाठ टेकता. त्यात बसच्या खिडकीतून तासभर ऊन डोळ्यांवर आलेले असते, म्हणजे दिवस उजाडल्याची वर्दी मेंदूला मिळालेली असते. म्हणून घरी येताना गडद चष्मा लावा, कोणी हसले तर हसू दे. शेवटचा चहा रात्री दोनच्या आत. पोटात गेलेल्या कॅफिनमधले निम्मे पाच-एक तासांनीही शरीरात शिल्लक असते. हँडओव्हरआधी सहाला घेतलेला तो कडक चहा घरी तुमच्या उशाशी बसलेला असतो. जेवण ड्युटीला निघण्याआधी पोटभर करा, मध्यरात्रीनंतर हलके काही. डब्यात पेज आणि लोणचे नेणाऱ्या जुन्या सिस्टरांना हे कोणी शिकवले नव्हते, पण त्या बरोबर होत्या.

एका दमात आठ तास मिळणार नसतील तर झोपेचे दोन तुकडे करा. आल्याआल्या दीडला मुलगी येईपर्यंत एक, आणि चार ते साडेपाच दुसरा. पहिल्या नाइटच्या आदल्या दुपारी तर झोपायचेच, त्या दिवशी घरकाम बंद. आता मासळीवाला. आमच्या वाड्यावर एका नर्सच्या घराजवळ तो भोंगा न वाजवता पुढे जातो आणि वळणावर जाऊन वाजवतो, कारण तिच्या नवऱ्याने त्याला एकदा नीट सांगितले. कुकरचे सासूबाईंना सांगायला तुम्ही नको, त्यांच्या मुलाने सांगावे.

राहिले सलग सात नाइटचे. ते चूकच आहे. शेवटचा प्रश्न एका इन-चार्ज सिस्टरचा आहे, त्याच्या उत्तरात त्याविषयी लिहिले आहे.

प्रश्न : सर, मी खासगी रुग्णालयात निवासी डॉक्टर. कधी कधी सलग तीस तास होतात. नंतर स्कूटरने फोंड्याला घरी. परवा घरी पोचलो, पण बाणस्तारीचा पूल कधी ओलांडला ते आठवेना. मित्र म्हणतात, सगळ्यांचेच असे होते. होते का?

उत्तर : होते, आणि म्हणूनच अपघात होतात. पूल आठवत नाही याचा अर्थ तेवढा वेळ तू काही सेकंदांच्या डुलक्या घेत स्कूटर चालवत होतास.

सलग सतरा तास जागलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ आणि भान रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकेच घसरते, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखवले. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. तू सतराच्या कितीतरी पुढे होतास. अमेरिकेतल्या इंटर्न डॉक्टरांची पाहणी २००५ मध्ये आली. लांबलचक ड्युटी संपवून घरी जाताना गाडीला अपघात होण्याची शक्यता साध्या ड्युटीनंतरच्या मानाने २.३ पट निघाली.

तेव्हा अशा दिवशी स्कूटर तिथेच ठेव आणि कदंबची बस धर. तेही जमणार नसेल तर ड्युटी रूममध्ये अर्धा तास झोप, उठल्यावर पंधरा-वीस मिनिटे जाऊ दे, मग नीघ. जागे झाल्याबरोबरची गुंगीही वाईट असते. तोंडावर पाणी मारणे, कानात गाणी लावणे याने फक्त जागे असल्याचा भास होतो.

नियमांचे म्हणशील तर निवासी डॉक्टरांची ड्युटी दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त नसावी, असे केंद्र सरकारचे परिपत्रक १९९२ चे आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मानसिक आरोग्यविषयक कृती दलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. बत्तीस वर्षांत अपेक्षाच २६ तासांनी सैल झाली, हे माझ्या मते कोणीच पुरेसे ऐकवले नाही. तुझ्या करारात तासांविषयी काय लिहिले आहे ते काढून वाच. बहुतेकांनी सही करताना वाचलेले नसते.

प्रश्न : मेडिसिन वॉर्डात वीसहून जास्त वर्षे झाली. पूर्वी पेशंट गेला की मला घरी जेवण जात नसे. परवा एक आजोबा गेले. त्यांची मुलगी माझा हात धरून रडत होती आणि मी मनात हिशेब करत होते, खाट रिकामी कधी होईल, कॅज्युअल्टीत दोन अ‍ॅडमिशन थांबलीत. मी दगड झाले का? की हे डिप्रेशन?

उत्तर : दगड झाला असता तर तो हात तुमच्या लक्षात राहिला नसता. आणि खाटेचा हिशेब करणे हा गुन्हा नव्हे, ते तुमचे कामच होते. तरीही तुमच्या पत्रात जे आहे त्याला बर्नआउट म्हणतात. फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये हा शब्द वापरला तो न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांबद्दलच. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन अंगे सांगितली : आतून रिते झाल्यासारखे वाटणे, माणसे ‘चार नंबरची खाट’ होऊन जाणे, आणि आपल्या कामाचा काही उपयोग नाही असे वाटू लागणे. तुमच्या पत्रात पहिली दोन स्पष्ट दिसतात. तिसरे अजून दिसत नाही आणि मला त्यात आशा वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटला रोग म्हटलेले नाही. तिच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची नोंद आहे ती कामाच्या ठिकाणी निर्माण होणारी अवस्था म्हणून. मला हे फार महत्त्वाचे वाटते. अवस्था कामाच्या ठिकाणची असेल तर तिचा इलाज एकट्या सिस्टरच्या प्राणायामावर कसा सोडता येईल? वर्षातून एकदा योगदिन साजरा करून फोटो काढणाऱ्या व्यवस्थापनांना हा प्रश्न विचारायला हवा.

डिप्रेशन मात्र वेगळे. ढोबळ फरक असा : बर्नआउट रजेवर थोडे तरी उतरते, डिप्रेशन तुमच्याबरोबर रजेवर येते. माहेरी गेलात, शिगमो बघितलात, आवडते जेवण समोर आले आणि तरी काही चवच नाही, असे दोन आठवडे चालले तर सावध व्हा. घरबसल्या एक तपासणी करता येते, तीही जागतिक आरोग्य संघटनेचीच, पाच विधानांची. गेल्या दोन आठवड्यांत मी आनंदी होते. शांत आणि निवांत होते. अंगात उत्साह होता. सकाळी उठताना ताजेतवाने वाटले. रोजच्या दिवसात मन रमेल असे काही होते. प्रत्येकाला ‘कधीच नाही’साठी ० पासून ‘सतत’साठी ५ पर्यंत गुण द्या, बेरीज करा, ४ ने गुणा. शंभरपैकी ५० च्या खाली आलात तर कोणाशी तरी बोलायची वेळ आली आहे. २८ किंवा त्याहून खाली असाल तर पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

‘बांबोळीच्या मनोविकार संस्थेत गेले तर अर्धा गोवा ओळखीचा भेटेल’ असे तुम्ही लिहिता. खरे आहे, आपले राज्य लहान. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क तुम्हालाही दिला आहे. आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालतो, तिथे तुमचा चेहरा कोणी बघत नाही. जगणे नको वाटण्याचा विचार एकदाही मनात आला तर त्याच रात्री फोन करा.

एक गोष्ट आपल्याच मातीतली. मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या संगाथ या संस्थेने गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच प्रशिक्षित समुपदेशकांकडून नैराश्यावर उपचार करून पाहिले. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापले. सहा ते आठ बैठका, आणि गाभा अगदी साधा : मूड येईल तेव्हा करीन असे न म्हणता पूर्वी बरे वाटायचे त्यातले छोटेसे काम आठवड्याच्या वेळापत्रकात लिहायचे आणि करायचे. तुम्ही मागे भजनाला जायचात असे लिहिले आहे. गुरुवार की शनिवार, ते ठरवून कॅलेंडरवर लिहा.

प्रश्न : माझी आई कंत्राटावर सफाईचे काम करते. लाल पिशवी बांधताना बोटात सुई घुसली. सुपरवायझर म्हणाला, काही होत नाही, डेटॉल लाव. चार दिवस झाले.

उत्तर : चार दिवस म्हणजे एचआयव्ही प्रतिबंधक औषधाची मुदत गेली. ते शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांत सुरू करायचे असते, मग २८ दिवस. घाबरू नका, सुईवरचे रक्त एचआयव्हीबाधिताचे होते असे धरले तरी अशा टोचण्यातून लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास आहे. कावीळ ‘ब’ची भीती जास्त. आईची लस झाली नसेल तर आज न्या, आणि एचआयव्ही, कावीळ ‘ब’ व ‘क’च्या तपासण्या आजच करून पुढच्या तारखा लिहून घ्या. पुढच्या वेळी : वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचे, पिळायचे नाही, लगेच कॅज्युअल्टी.

सुई लाल पिशवीत असायलाच नको होती, तिची जागा पांढऱ्या, टोचली न जाणाऱ्या डब्यात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ ‘ब’ आणि धनुर्वाताची लस देणे, वर्षातून एकदा आरोग्य तपासणी करणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. कंत्राटदाराकडे बोट दाखवून ती टळत नाही. घटना लेखी कळवा, पोच घ्या.

प्रश्न : माझी पत्नी नर्स. गेली तीन वर्षे चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला ड्युटी. मूळ घरी सगळे जमतात, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधली जाते, नेवऱ्या होतात आणि दरवर्षी ‘सून कुठे?’ हा प्रश्न मला ऐकावा लागतो. तिने नोकरी सोडावी असे मला वाटू लागले आहे.

उत्तर : तीन वर्षे तुम्ही तो प्रश्न ऐकता आहात. त्याच वेळी ती वॉर्डात सलाईन लावत होती. ‘सून कुठे?’ला तुम्ही काय उत्तर देता ते लिहिलेले नाही. ‘तिला सुटीच मिळत नाही’ आणि ‘आज वॉर्डात माणसे आजारी आहेत, ती तिथे आहे’ यांत काकांना बराच फरक ऐकू येईल.

सलग तीन वर्षे एकाच व्यक्तीवर चवथ पडणे मात्र अन्याय आहे. गोव्यात यावर जुना तोडगा चालत आला आहे : ख्रिस्ती सिस्टर चवथ सांभाळतात, हिंदू सिस्टर नाताळ. ही तोंडी देवाणघेवाण माणसे बदलली की मोडते, म्हणून सणांची यादी वर्षाच्या सुरुवातीला कागदावर यावी. पत्नीने इन-चार्जकडे गेल्या तीन वर्षांच्या तारखा लिहून द्याव्यात, रडगाणे नको. आणि दीड दिवसाचा गणपती असेल तर पाठवणीच्या संध्याकाळी तरी तिला मोकळीक मागता येते. नोकरीचा निर्णय तिचा, तिने तुम्हाला विचारला तर मत द्या.

प्रश्न : नातेवाइकाने कॉलर धरली. वरिष्ठ म्हणतात, मिटवून टाका.

उत्तर : मिटवू नका. गोव्यात वैद्यकीय सेवकांवरील हिंसेविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. शिवाय ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या रुग्णालयात डॉक्टर तरुणीवर बलात्कार होऊन तिची हत्या झाल्यानंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने केंद्राच्या रुग्णालयांना स्पष्ट सूचना दिली की हल्ला झाल्यास संस्थाप्रमुखाने सहा तासांत पोलिसांत तक्रार नोंदवावी. हे पाऊल संस्थेने उचलायचे, कॉलर धरली गेली त्याने नव्हे, हा त्यातला मुद्दा तुमच्या वरिष्ठांनाही पटवता येईल.

प्रश्न : मी सिस्टर इन-चार्ज. माणसे कमी, पैसे नाहीत, वरून कोणी ऐकत नाही. माझ्या हातात आहे ते काय?

उत्तर : ड्युटी लिस्ट तुमच्या हातात आहे, आणि वरच्या निम्म्या पत्रांचे मूळ तिथे आहे. पाळी फिरवताना सकाळ, मग दुपार, मग रात्र अशी पुढे फिरवा. उलटी फिरवली की शरीराला फार जड जाते. ईव्हनिंग संपवून रात्री नऊला घरी गेलेल्या मुलीला सकाळी साडेसातला पुन्हा बोलावू नका, दोन ड्युट्यांत अकरा तास तरी हवेत. सलग नाइट दोन किंवा तीन, सात नकोत. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने रात्रपाळीला २०१९ मध्ये पुन्हा ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवले. तो गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नव्हे, तेव्हा मुलींना घाबरवू नका, पण नाइट खिरापतीसारख्या वाटूही नका. लिस्ट महिनाभर आधी लावा. माणसाला थकवणाऱ्या गोष्टींत ‘उद्या काय लागेल?’ हे न कळणे फार वर येते. रात्री दोन ते चारच्या दरम्यान आळीपाळीने वीस मिनिटे पडायला सांगा आणि राउंडला आलेल्या सुपरवायझरला ते तुमच्या संमतीने चालले आहे हे स्वतः सांगा.

कुरकूर होणार. सगळ्या नाइट एकदम करून चार दिवस एकदम ऑफ घेणाऱ्या मुली विरोध करतील, आणि त्यांचेही खरे आहे. वाळपईहून किंवा काणकोणहून येणाऱ्यांना दर दोन दिवसांनी ये-जा करणे परवडत नाही. त्यांच्यासाठी चार नाइटपर्यंत जा, मात्र त्यानंतर पूर्ण दोन दिवस ऑफ द्या. नाइट संपल्याचा दिवस त्यात धरू नका.